मोंबासाचे गाणे आणि आपली पेटी



या पत्रिकेतील आमचे पान म्हटले की निकाल, गणवेश आणि प्रार्थनेला उशिरा येणारी मुले, हे विषय ठरलेले. या वेळी ते बाजूला ठेवून एका वहीविषयी लिहीत आहोत. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरात आईची मराठी आणि शाळा-कॉलेजात हिंदी, अशी आपल्यापैकी अनेकांची तऱ्हा आमचीही आहे. तेव्हा काही वाक्ये हिंदीच्या अंगाने गेली असतील तर मराठीच्या बाईंनी सुधारून घ्यावीत, मुलांनी मात्र हसू नये.

वही नववीतील एका विद्यार्थिनीची आहे. तिला आपले नाव छापलेले नको, म्हणून देत नाही. तिच्या वडिलांचे इथेच लोधीपुऱ्यात मोबाइल दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. लोधीपुऱ्यातील मुलांना परदेशी पाहुणा ही काही नवलाई नाही. दरगाह-ए-हकीमीच्या जियारतीला दाऊदी बोहरा मंडळी वर्षभर येतात. जशी मुंबई, सुरत आणि उदयपूरहून येतात, तशीच आखातातून आणि पूर्व आफ्रिकेतूनही. आपण त्यांना रस्ता सांगतो, दराबा आणि मावा जिलेबीचे दुकान दाखवतो आणि आपल्या कामाला लागतो. ती कुठून आली, तिथे काय गातात, हे विचारायचे आपल्या डोक्यात येत नाही. निदान आमच्या तरी कधी आले नव्हते.

दिवाळीनंतर मोंबासाहून आलेल्या एका बाईंचा मोबाइल त्या दुकानात दुरुस्तीला आला. मोंबासा हे केनिया देशातले समुद्रकाठचे शहर. मोबाइलचा स्पीकर बंद होता. वडिलांनी तो बदलला आणि तपासण्यासाठी हाताला लागले ते गाणे लावले. मुलगी कोपऱ्यात गणिताचा गृहपाठ करीत बसली होती. पुढचे तिच्याच शब्दांत: ‘चाल ओळखीची होती. आजोबा रेडिओवर ऐकतात त्या जुन्या सिनेमातली. पेटी होती, तबला होता. पण शब्द एकही कळेना. मला वाटले, मोबाइल अजून बिघडलेलाच आहे.’

बाई हसल्या. त्यांनी सांगितले की हे त्यांच्याकडचे लग्नातले गाणे आहे, भाषा स्वाहिली, आणि अशा गाण्यांना तारब म्हणतात. लहानपणी त्यांना हीच चाल मूळची वाटे. पुढे हिंदी सिनेमा पाहिला तेव्हा त्यांना वाटले, अरे, यांनी आमचे गाणे उचलले!

मुलीने ते गाणे उतरवून घेतले आणि स्नेहसंमेलनात म्हणण्याची परवानगी मागायला आमच्याकडे आली. आम्ही नाही म्हटले. कारण असे दिले की आपल्या मुलांना आपलीच गाणी येत नाहीत, मग परकी कशाला? दोन पालकांनीही तसेच मत कळवले होते. मुलगी काही बोलली नाही. आठ दिवसांनी तिने ही वही आमच्या टेबलावर ठेवली. पहिल्या पानावर लिहिले होते, ‘ते गाणे कोणाचे?’ आत सतरा पाने होती.

खरे सांगायचे तर आम्हाला उत्तर देता आले नाही. म्हणून शोधू लागलो. जे सापडले ते मुलांना, आणि त्याहून अधिक मोठ्यांना, सांगण्यासारखे आहे.

आधी तारबविषयी. हा शब्द अरबी ‘तरब’ वरून आला. गाणे ऐकून मनाला जी धुंदी चढते तिला अरबीत तरब म्हणतात. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ झांझिबार नावाचे बेट आहे. तिथे सुलतान बरगशच्या कारकिर्दीत (१८७०-१८८८) इजिप्तचे संगीत दरबारात आले आणि त्यातून हा प्रकार रुजला. दरबारी गाणे अरबीत असे. ते सामान्य माणसाच्या स्वाहिली भाषेत आणून घरोघर पोचवण्याचे मोठे श्रेय सिती बिंती साद या गायिकेला देतात. तिचा जन्म गरीब घरचा. आणि ती पहिल्या ग्रामोफोन तबकड्या भरायला कुठे गेली असेल? मुंबईला! १९२८ साली ती आणि तिचे साथीदार समुद्रमार्गे मुंबईस आले आणि ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीसाठी त्यांनी गाणी भरली. आपली नाटकमंडळी आणि गवय्ये त्याच काळात मुंबईत तबकड्या भरत होते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्या तबकड्या हातोहात खपल्या.

मुंबई आणि मोंबासा इतके जवळ कसे, असे मुले विचारतील. भूगोलाच्या तासाला मोसमी वारे शिकवतात ते आठवा. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून वाहतो. त्या वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याची गलबते शिडे उभारून आफ्रिकेला जात. पुढे नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की त्याच वाऱ्याने परत येत. कित्येक शतके ही ये-जा चालू होती. त्यानंतर इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून आतल्या मुलखात रेल्वे नेली, तेव्हा बत्तीस हजारांच्या आसपास हिंदुस्थानी मजूर तिथे नेले. व्यापारी तर आधीपासूनच होते. त्यांच्या मागून हिंदी सिनेमा गेला आणि सिनेमामागून चाली गेल्या. मोंबासाच्या तारबमध्ये पेटी आणि तबला इतका मुरला की जुमा भालो नावाच्या गायकाने हिंदी चालींवर स्वाहिली शब्द बसवून नाव मिळवले.

भाषेतही तेच झाले. स्वाहिली हा शब्दच ‘साहिल’ वरून आला, म्हणजे किनारा. हा शब्द हिंदी शिकलेल्या आम्हाला लगेच कळतो. त्या भाषेत पैशाला ‘पेसा’ म्हणतात, गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’, आणि चपातीला चपातीच. पाचवीतल्या मुलांना आम्ही हे शब्द सांगितले तेव्हा वर्गात एवढा आनंद झाला की शेजारच्या वर्गातून तक्रार आली.

इथपर्यंत वाचून आम्ही निश्चिंत झालो होतो. आपले गाणे तिकडे गेले, म्हणजे मूळ मालक आपणच! मुलीच्या वहीत मात्र पुढचा प्रश्न होता: ‘पेटी आपली आहे का?’

नाही. पेटी, म्हणजे हार्मोनियम, पॅरिसची. अलेक्झांद्र दबें नावाच्या फ्रेंच कारागिराने १८४२ साली तिचे पेटंट घेतले. ती टेबलासारखी उभी असे आणि भाता पायाने दाबावा लागे. खुर्चीवर बसून वाजवायचे वाद्य ते. आपले गवई तर जमिनीवर बैठक मारून बसणारे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तिला हाताचा भाता बसवला आणि ती मांडीजवळ आली. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने स्वर. मराठी नाटकाने तिला आणि तिच्या मोठ्या बहिणीला, ऑर्गनला, असे काही आपलेसे केले की बालगंधर्वांचे नाट्यसंगीत ऑर्गनशिवाय डोळ्यांपुढे उभेच राहत नाही. गोविंदराव टेंबे यांनी पेटीला साथीच्या जागेवरून उठवून मैफलीत मान मिळवून दिला. पु. ल. देशपांडे पेटी वाजवायला बसत तेव्हा ती त्यांच्या घरातलीच वाटे.

पण ती परकी आहे हे विसरू न देणारेही होते. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती बंदी १९७१ पर्यंत टिकली! आक्षेप निव्वळ हट्टाचा नव्हता. पेटीचे स्वर ठरलेल्या पट्ट्यांत बसवलेले असतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही, आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या श्रुती तर तिच्यात नाहीतच. अरबी गायक-वादकांचीही पियानोबद्दल हीच कुरकुर आहे, कारण त्यांच्याही काही स्वरांची जागा दोन पट्ट्यांच्या मध्ये पडते. एवढे असूनही आपल्या आरत्या, भजने, शाळेची प्रार्थना पेटीशिवाय होत नाही. आपल्या देवघराजवळ ठेवलेली पेटी कोणाला परकी वाटते का? आम्हालाही कधी वाटली नाही, आणि म्हणूनच त्या मुलीला ‘परके गाणे’ म्हणताना आम्ही जरा जास्तच जोरात बोललो, असे आता वाटते.

पेटीचे सोडा, तिची कूळकथा ताजी आहे. जुने घ्या. पोवाड्याला डफ हवाच. डफ हा शब्द अरबी-फारसीतला, आणि ते वाद्य इराण-अरबस्तानात आजही वाजते. लग्नात सनई वाजल्याशिवाय मुहूर्त झाल्यासारखे वाटत नाही. तिची भावंडे तुर्कस्तानात झुर्ना आणि चीनमध्ये सुओना या नावांनी लग्नातही वाजतात. नगारा हेही अरबी नाव. ही यादी वाढवण्यात अर्थ नाही. संगीताच्या तासाला मुलांनी एकेक वाद्य घेऊन त्याचे घराणे शोधावे, तो अधिक चांगला खेळ होईल.

आता आपल्या गावची गोष्ट. आमच्या मते सगळ्यांत मोलाची हीच आहे, आणि ती आम्हाला स्वतःला पन्नाशी उलटल्यावर कळली, याची थोडी लाज वाटते.

बुऱ्हाणपूर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होती, हे सर्वांस ठाऊक आहे. अकबराने १६०१ साली असीरगड घेतला आणि ते राज्य संपले. त्याच्या आधी, सोळाव्या शतकात, कर्नाटकातून एक विद्वान उत्तरेकडे निघाला. पुंडरीक विठ्ठल त्याचे नाव. शिवगंगेजवळच्या सातनूरचा राहणारा. दक्षिणेचे संगीत शिकलेला हा ब्राह्मण पंडित फारुकी घराण्यातील बुऱ्हाणखानाच्या आश्रयाला राहिला आणि त्याने ‘सद्रागचंद्रोदय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. दक्षिणेचा पंडित, खानदेशचा मुसलमान राजा, संस्कृत भाषा आणि उत्तरेचे राग! आज असे एकत्र आले तर आपण त्याला आंतरराष्ट्रीय परिषद म्हणू आणि फलक लावू.

पुढे पुंडरीक कछवाहा राजांकडे, मानसिंह आणि माधवसिंह यांच्या आश्रयाला गेला. तिथे लिहिलेल्या ‘रागमंजरी’ ग्रंथात त्याने एक गोष्ट केली, ती आमच्या विद्यार्थिनीने मोबाइलच्या दुकानात केली तिच्यासारखीच आहे. त्याने इराणी गवयांचे राग ऐकले आणि कान देऊन ठरवले की हा आपल्या अमुक रागाजवळचा आहे. मग त्याने चक्क जोड्या लावल्या. बिलावलाजवळ सर्पर्दा, आसावरीजवळ हिजेज, धनाश्रीजवळ इरायिका, कानड्याजवळ निशावर, कल्याणाजवळ यमन. नावे नीट पाहा. हिजेज म्हणजे हिजाज, मक्का-मदिनेचा प्रदेश. इरायिका म्हणजे इराक. निशावर म्हणजे इराणातले निशापूर शहर. संस्कृत ग्रंथात ही नावे त्याने आपल्या उच्चाराने बसवून घेतली, जसे आजी ‘स्टेशन’चे ‘ठेसन’ करते.

हिजाज आणि इराक या नावांचे राग, त्यांना तिकडे मकाम म्हणतात, अरब देशांत आजही गातात. आमच्या संगीताच्या सरांनी प्रार्थनेनंतर पेटीवर हिजाज वाजवून दाखवला. सा, कोमल रे, शुद्ध ग, म. मागच्या रांगेतून एक मुलगा ओरडला, ‘सर, हा तर भैरव!’ बरोबर आहे. निदान पहिले चार स्वर तरी तेच आहेत. बसंत मुखारी रागाला काही गवई हिजाज भैरव म्हणतात, ते याचमुळे. आणि मुलांनी हेही लक्षात ठेवावे की पुंडरीकाच्या काळची आसावरी आणि आजची आसावरी एक नव्हे. नाव तेच राहते आणि आतला स्वर बदलतो, असे रागांचे होत आले आहे. त्याचप्रमाणे यमन म्हणजे येमेन देशच, असेही नुसत्या नावावरून ठरवू नये.

बुऱ्हाणपुरात असे जागोजाग आहे, आपण पाहत नाही इतकेच. जामा मशिदीत राजा अली खानाने इ.स. १५९० च्या सुमारास कोरवलेला शिलालेख अरबीबरोबर संस्कृतातही आहे, त्यात शक-संवत आणि ग्रहस्थितीसुद्धा दिलेली आहे. कुंडी भंडाऱ्याची रीत इराणची, कनात नावाची: डोंगराचे झिरपते पाणी जमिनीखालच्या बोगद्याने उतरत उतरत शहरात आणायचे आणि वर ओळीने कुंड्या खोदायच्या. ते काम झाले अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी. हाच रहीम ज्याचे दोहे आम्ही हिंदीच्या पुस्तकात पाठ केले. तुर्की, फारसी, अरबी आणि संस्कृत या भाषा त्याला येत. बाबराची तुर्की आत्मकथा त्यानेच फारसीत आणली. इथले कापड सुरतेच्या बंदरातून कुठे कुठे जात असे, ते टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात लिहून ठेवले आहे: इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, पोलंड, मॉस्को. ज्या वाटेने कापडाचे तागे गेले त्या वाटेने गाणी आली नसतील, असे मानणे कठीण आहे. तागा नेणारा माणूस तोंड बंद करून प्रवास करीत नाही.

पुंडरीकाचे ग्रंथ आपल्याला कसे कळले, तेही सांगितले पाहिजे, कारण तिथे एक मराठी माणूस उभा आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) मुंबईचे वकील. संगीतशास्त्राच्या शोधात ते १९०४ साली दक्षिणेत फिरले, नंतर उत्तरेत, बिकानेरच्या ग्रंथसंग्रहापर्यंत गेले. जुन्या पोथ्या मिळवल्या, उतरवल्या, छापवल्या. पुंडरीकाचे ग्रंथ त्यांत होते. १९१८ साली ग्वाल्हेरला निघालेले माधव संगीत विद्यालय त्यांच्याच मार्गदर्शनाखाली उभे राहिले. म्हणजे आपल्या मध्य प्रदेशावर त्यांचे ऋण आहेच. आम्ही भातखंडे प्रथम हिंदीत वाचले, हाथरसच्या संगीत कार्यालयाने काढलेल्या जाड पुस्तकांत. कित्येक वर्षे आमची समजूत होती की ते मूळ हिंदीच. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ त्यांनी मराठीत लिहिली, गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात, हे आम्हाला फार उशिरा समजले. आपल्याच भाषेतले पुस्तक दुसऱ्या भाषेच्या दारातून घरात आले. त्या मोंबासाच्या बाईंना आपलीच चाल हिंदी सिनेमात भेटली, तेव्हा काय वाटले असेल, ते आम्हाला या आठवणीवरून थोडे समजते.

मुलीच्या वहीत ‘वर्ल्ड म्युझिक’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, मोबाइलवर शोधताना तो तिला सापडला. तेव्हा त्याचाही खुलासा करतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट ब्राउन नावाच्या प्राध्यापकाने हा शब्द विद्यापीठात वापरात आणला. त्याचा हेतू असा की विद्यार्थ्यांनी केवळ युरोपचे संगीत शिकू नये, जावा, आफ्रिका, भारत इथल्या गुरूंपुढे बसून प्रत्यक्ष वाजवायला शिकावे. पुढे १९८७ साली लंडनमध्ये काही तबकडी-कंपन्यांची मंडळी जमली. इंग्रजीत नसलेले गाणे दुकानात कोणत्या कप्प्यात ठेवावे, ही त्यांची अडचण होती. त्यांनी कप्प्यावर हाच शब्द लिहिला. तेव्हापासून भीमसेनांचा ख्याल, सेनेगलचा ढोल आणि बल्गेरियाच्या शेतकरी बायकांचे गाणे एका कप्प्यात आले. यामुळे पुष्कळांना नवे ऐकायला मिळाले, हे खरे. पण त्यात एक गोम आहे. ‘जग’ म्हणजे आपण सोडून बाकीचे, असा त्याचा अर्थ होतो. अमेरिकेतील ग्रॅमी पुरस्कारांच्या मंडळाने २०२० साली आपल्या विभागाचे ‘वर्ल्ड’ हे नाव बदलून ‘ग्लोबल’ केले, ते याच आक्षेपामुळे. मराठीत दोन्हींचे भाषांतर ‘जागतिक’ असेच होईल, तेव्हा आपल्याला त्या बदलाचा फारसा लाभ नाही!

याच प्रा. ब्राउन यांच्या शिफारशीने घडलेली एक गोष्ट मुलांना फार आवडेल. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन अंतराळयाने सोडली. वाटेत कोणी भेटलेच तर त्याला पृथ्वीची ओळख पटावी, म्हणून प्रत्येक यानात तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. पंचावन्न भाषांतील शुभेच्छा तिच्यात आहेत आणि मराठी त्यांपैकी एक आहे. संगीताचे सत्तावीस नमुने आहेत. बाख आणि बीथोव्हेन आहेत, जावाचे गॅमेलान आहे, पेरूच्या वेळूच्या बासऱ्या आहेत, सेनेगलचे ढोल आहेत. आणि भारताकडून गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी. त्यांतले एक यान निघाले त्याच महिन्यात, सप्टेंबर १९७७ मध्ये, केसरबाई वारल्या. त्यांची भैरवी आजही पुढे पुढे जात आहे. सूर्यमालेच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ती तारकांमधल्या अवकाशात पोचली आहे. तिथे ती कोणाला ‘परकी’ वाटेल का, हा प्रश्न आम्ही नववीच्या वर्गाला विचारला. एका मुलाने उत्तर दिले, ‘ऐकणाऱ्याला कान असले पाहिजेत.’ त्याला विज्ञानाच्या बाईंनी पूर्ण गुण दिले.

आता एक कडू गोष्ट. जगाचे संगीत ऐकावे म्हणजे ते कसेही वापरावे, असे नव्हे. काही वर्षांपूर्वी आमच्याच देखरेखीखाली स्नेहसंमेलनात ‘आफ्रिकन नृत्य’ झाले. मुलांच्या तोंडाला काजळ फासले होते, कमरेला झाडाच्या पानांचे घागरे होते, आणि मुले ‘हुबाहुबा’ असे काहीतरी ओरडत होती. आम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. त्या वेळी शाळेपासून हाकेच्या अंतरावर आफ्रिकेतून आलेली माणसे उतरलेली असतील. विद्यार्थिनीने या नृत्याचा फोटो शाळेच्या जुन्या अल्बममध्ये पाहिला होता. वहीत तिने एवढेच लिहिले आहे: ‘त्या बाईंना हा फोटो दाखवायची मला लाज वाटली असती.’ तिचे म्हणणे बरोबर आहे. तो फोटो आम्ही अल्बममधून काढलेला नाही, त्याखाली हे वाक्य लिहून ठेवले आहे.

मुलीने मात्र काम नीट केले. गाण्याचे शब्द बाईंकडून बरोबर लिहून घेतले, प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारला, कोणत्या प्रसंगी म्हणतात ते विचारले, आणि आमच्या शाळेत म्हटले तर चालेल का, हेही विचारले. बाई म्हणाल्या, चालेल, पण दुसऱ्या कडव्यात नवरीला चिडवले आहे, ते गुरुजींसमोर म्हणू नकोस.

राहिला आमचा मूळ आक्षेप, की आपलीच गाणी मुलांना येत नाहीत. तो खोटा नाही. वहीच्या शेवटच्या पाच पानांवर मोंबासा नाही, तिथे तिची आजी आहे. बाईंनी मुलीला विचारले होते, ‘तुमच्याकडे मुली काय गातात?’ तिला सांगता आले नाही. ती घरी गेली आणि आजीला विचारले. आजीचे माहेर रावेरकडचे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत गुलाबाई मांडून मुली रोज संध्याकाळी गाणी म्हणत, खिरापत ओळखत, हे तिने सांगितले आणि गाणी आठवू लागली. अकरा आठवली. तीन गाण्यांच्या मधल्या ओळी गेल्या होत्या. त्यांतल्या दोन शेजारच्या काकूंनी भरून दिल्या, एक रिकामीच आहे. वहीत तिथे टिंबे काढून जागा सोडली आहे. आणि खाली: ‘आजीचे गाणे मला मोंबासाच्या गाण्याइतकेच नवीन होते. फरक एवढाच, की ते स्वयंपाकघरात होते आणि मी विचारले नव्हते.’

पालकांना विनंती की ज्या घरी गुलाबाईची, कानबाईची, जात्यावरची गाणी येणारी कोणी वडीलधारी असेल, त्यांनी शाळेत कळवावे. मुले वही घेऊन घरी येतील. चहा दिला तर हरकत नाही.

सन्माननीय विश्वस्तांना एक निवेदन आहे. आगामी सत्रापासून संगीताचे आठवड्यातील दोन तास कमी करून एक करावा आणि दुसरा गणिताला द्यावा, असा प्रस्ताव बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे. तो आमच्याच सहीचा आहे. दहावीचा गणिताचा निकाल पाहून आम्ही तो दिला होता आणि ती काळजी आजही आहे. पण मोंबासाची चाल ओळखणारा कान त्या तासातच तयार झाला, भैरव ओळखणारा मुलगाही त्याच तासाचा. प्रस्ताव आम्ही मागे घेत आहोत. गणिताचा जादा तास शाळा सुटल्यावर आम्ही स्वतः घेऊ. पन्नाशीतल्या माणसाला बीजगणित पुन्हा वाचावे लागेल, इतकेच.

स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमात सातव्या क्रमांकावर गुलाबाईचे गाणे आहे आणि आठव्यावर मोंबासाचे, दुसरे कडवे वगळून. दोन्हींना साथ शाळेच्या जुन्या पेटीचीच. तिचा भाता एका कोपऱ्यात फाटला आहे आणि मधल्या सप्तकातला कोमल रे दाबला की वर येत नाही. हिजाजला नेमका तोच लागतो. दुरुस्ती करणारे कारागीर शनिवारी येणार आहेत.